रिकाम्या खुर्चीचा सराव

या वेळी आपल्याला काहीही होणार नाही, असं बिट्टीनं जाहीर केलं. जाहीर म्हणजे रीतसर, जेवणाच्या टेबलाशी उभं राहून, हातात कागद धरून. पुढच्या शिक्षणासाठी तिनं पाच विद्यापीठांकडे अर्ज केले होते. चार ठिकाणांहून नकार आला होता. पाचव्याचं उत्तर येत्या पंधरा दिवसांत कधीही येणार होतं, आणि सहावं विद्यापीठ नव्हतं. हे हुकलं तर उरलेलं आयुष्य लोकांचे कान तपासण्यात जाणार, असं ती स्वतःशी रोज दोनदा म्हणायची. पण कागदावर यातलं काही नव्हतं. कागदावर तीन नियम होते. एक, मेल दिवसातून एकदाच, संध्याकाळी सहाला बघायचा. दोन, घरात असताना फोन टीव्हीखालच्या खणात राहील. तीन, उत्तर येईपर्यंत या विषयावर घरात कोणी चकार शब्द काढायचा नाही.

"बाकी मला कसलंही टेन्शन नाही," बिट्टी म्हणाली.

"मागच्या वेळीही नव्हतं," आत्या म्हणाली. आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण. ती याच घरात राहायची आणि कोणाचीही कुठलीही गोष्ट विसरायची नाही. "चौथा नकार आला तेव्हा सव्वादोन तास बाथरूममध्ये कडी लावून बसली होतीस."

"तेव्हा माझ्याकडे पद्धत नव्हती. आता आहे."

बाबा नुसते "ठीक आहे" म्हणाले आणि त्यांनी आपल्या वहीत काहीतरी लिहून घेतलं. बिट्टीला तिथेच शंका यायला हवी होती. बाबा अग्निसुरक्षेचे प्रशिक्षक होते. कचेऱ्या, दवाखाने, नाट्यगृहं, जिथे म्हणून माणसं एका छपराखाली जमतात तिथे जाऊन ते आग लागल्याचा सराव घ्यायचे. गळ्यात शिट्टी, खिशात स्टॉपवॉच, काखेत वही. घरातला बल्ब बदलायचा असला तरी ते आधी सगळ्यांना जिन्यात उभं करून मोजून घेत. असा माणूस वाद न घालता गप्प बसतो, म्हणजे तो गप्प बसलेला नसतो.

पहिले तीन दिवस बरे गेले. चौथ्या दिवशी बिट्टीला टिंग ऐकू आलं.

फोनवरचे बाकी सगळे आवाज तिनं बंद करून ठेवले होते. फक्त त्या एका विद्यापीठाचा मेल आला तरच फोन टिंग करणार होता. टिंग ऐकलं तेव्हा ती दवाखान्यातल्या तपासणीच्या केबिनमध्ये होती. त्या केबिनला चारी बाजूंनी जाड स्पंज, दाराला दुहेरी रबर. दार लावलं की बाहेर कोणी ढोल बडवला तरी आत कळणार नाही, आणि तिचा फोन बाहेर पर्समध्ये होता. तिनं धावत जाऊन पाहिलं. काही नव्हतं.

आता, हा प्रकार तिला ओळखीचा होता. तिचं कामच ते. पेशंटला केबिनमध्ये बसवायचं, कानांवर हेडफोन चढवायचे, हातात बटण द्यायचं आणि सांगायचं की आवाज आला की दाबा. ज्यांना आपण बहिरे होत चाललोय अशी धास्ती असते, ते आवाज नसतानाही दाबतात. त्याच दुपारी एका आजोबांनी लागोपाठ नऊ वेळा दाबलं.

"आजोबा, आता आवाज नव्हता."

"तुम्हाला ऐकू आला नसेल," आजोबा शांतपणे म्हणाले. "एकदा तपासून घ्या."

बिट्टी त्यावर हसली खरी, पण हसता हसता पर्सकडे तिची नजर गेलीच. आठवडा संपेपर्यंत तिनं अकरा टिंग ऐकले. फोनवर एकही नव्हता. आपल्या डोक्यात काहीतरी सुटं झालंय, असं तिला वाटायला लागलं, आणि अशा वेळी घर तरी धड असावं ना. ते नव्हतं.

आधी बाथरूमची कडी गेली. कडी होती तिथे स्क्रूची चार भोकं, तीही कोणीतरी नीट बुजवून वर रंगाचा हात मारलेला.

"आई, कडी कुठे गेली?"

"कुठली कडी?" आई छताकडे बघत म्हणाली. आईला खोटं बोलता येत नाही. पण छताकडे असं टक लावून बघणंही बिट्टीनं कधी पाहिलं नव्हतं, म्हणून तिनंही वर पाहिलं. वर काही नव्हतं.

मग बाण दिसले. संध्याकाळी ती दिवा न लावताच खोलीत शिरली, तर जमिनीपासून वीतभर उंचीवर भिंतीला फिकट हिरवे बाण चमकत होते. तिच्या पलंगापाशी सुरू होऊन दाराबाहेर, पॅसेजमधून, थेट जिन्यापर्यंत. दिवा लावला की नाहीसे. तिनं आत्याला हाताला धरून आणलं आणि दिवा घालवला.

"दिसतात?"

आत्या बाणांकडे बघत राहिली. तिच्या चेहऱ्यावर हिरवट उजेड पडला होता. "नाही बाई," ती म्हणाली, आणि निघून गेली. बाणांच्याच दिशेनं गेली.

बिट्टीचा राखाडी स्वेटर सकाळी हँगरला असायचा आणि संध्याकाळी परत जागेवर, पण अस्तन्या ओढल्यासारख्या लांब झालेल्या आणि खांद्याला आत्याच्या बामचा वास. ती खोलीत आली की बोलणी थांबायची. एकदा दार उघडताना तिनं आईचं अर्धं वाक्य ऐकलं. "...गुणी होती हो, पण..." होती! तिला विचारायचं होतं, पण विचारलं की "टेन्शन आलं का?" असं कोणीतरी म्हणणार, आणि टेन्शन तर तिला नव्हतं.

दुसऱ्या आठवड्यातल्या मंगळवारी सकाळी खालच्या मजल्यावरच्या टेलरनं तिला हटकलं. तोंडात टाचण्या धरून बोलायची त्याला सवय होती. मशीनवरून मान वर करून तो तिच्याकडे जरा जास्तच वेळ बघत राहिला.

"आज उभ्या आहात. बरं वाटतंय ना?"

"मला काय झालंय?"

"काल दुपारी तुम्हाला चादरीतून खाली आणलं ना. इथेच, या बाकावर ठेवलं होतं. हात बाहेर लोंबत होता." टेलरनं एक टाचणी काढून कापडात खोचली. "मग परत वर नेलं. वेळ फार लागला म्हणून तुमचे वडील चिडले होते."

काल दुपारी बिट्टी दवाखान्यात होती. सात पेशंट तपासले होते. की नव्हते? बस येईपर्यंत ती स्वतःचं मनगट दाबून बघत होती.

दवाखान्यात तिनं त्या दिवशी एका पेशंटचा डावा कान उजवा म्हणून लिहिला. डॉक्टरीणबाईंनी तिच्याकडे एकदा पाहिलं आणि जेवणाच्या सुट्टीनंतर तिला घरी पाठवून दिलं. दोन दिवस येऊ नकोस, म्हणाल्या. बिट्टी साडेतीन पावणेचारला घरी पोचली. जिना चढताना वरून शिट्टी ऐकू आली. बारीक, एकच. मग रडणं.

दार उघडंच होतं.

हॉलच्या मधोमध खुर्ची होती, दाराकडे पाठ करून. खुर्चीत बिट्टी बसली होती. म्हणजे राखाडी स्वेटर होता, वर तिचा स्कार्फ होता, केसांना तिची पिवळी क्लिप होती. मान एका बाजूला कलली होती. आई जमिनीवर बसून त्या स्वेटरची अस्तनी कुरवाळत होती. "तू केलंस गं तुझ्याकडून सगळं," आई म्हणत होती. "तुझा काही दोष नाही, बाळा." आत्या शेजारी उभी राहून खरेखुरे अश्रू ढाळत होती. आणि बाबा भिंतीला टेकून, खाली बघत, हळू आवाजात आकडे म्हणत होते. "एकतीस. बत्तीस. तेहतीस."

आपण गेलो, हे दारातल्या बिट्टीला अगदी सहज पटलं. दहा दिवसांचा सगळा हिशोब जुळत होता. वाईट एकाच गोष्टीचं वाटलं, की उत्तर काय आलं ते कळायचं राहून गेलं.

तिच्या हातून पर्स पडली. आईनं मान वर केली. दारातल्या बिट्टीकडे पाहिलं, मग खुर्चीतल्या बिट्टीकडे पाहिलं, आणि यांतली कुठली धरावी हे क्षणभर आईला कळलं नाही. आत्याला तेवढंही कळलं नाही. तिनं किंकाळी फोडून हातातलं तांब्याभर पाणी दारातल्या बिट्टीवर फेकलं. त्या धक्क्यानं खुर्ची हलली आणि बिट्टीचं डोकं गळून जमिनीवर गडगडत आलं. उशी होती. क्लिप लावलेली.

"थांबा," बाबा म्हणाले आणि त्यांनी स्टॉपवॉच बंद केलं. "पाणी चाळीस सेकंदांनी आलं. आणि चुकीच्या व्यक्तीला मिळालं."

बिट्टी निथळत उभी होती. "हे काय चाललंय?"

आई छताकडे बघायला लागली.

"आई, वर बघू नकोस! काय चाललंय हे?"

"सांगता येत नाही," बाबा म्हणाले. "तिसरा नियम. तूच केलास."

शेवटी नियम तिनंच मागे घेतला, तेव्हा बाबांनी वही पुढे केली. पानावर शीर्षक होतं : नकार आल्यास करावयाची कार्यवाही. बाथरूमची कडी काढून ठेवणे. अंधारात धावल्यास दिशा कळावी म्हणून बाण. आईनं मायेचे शब्द बोलावेत, पण 'गुणी होती' असं म्हणू नये, याखाली दोन रेघा. आत्यानं पाणी आणावे, रडू नये. उठता न आल्यास चादरीतून खाली मोकळ्या हवेत न्यावे, एक टोक टेलरनं धरावे, सरावात आत उशी असते हे त्याला सांगू नये.

"गेल्या सोमवारपासून रोज दुपारी घेतोय," आई म्हणाली. "तू कामावर गेलीस की. हे त्यासाठी अर्धी रजा टाकून घरी येतात. मला तर त्या खुर्चीकडे बघवत नाही गं. पण सराव केलाच पाहिजे म्हणतात."

"बाबा, तुम्ही मला आग समजता?"

बाबांनी वही मिटली. "चौथ्या वेळी तू आत होतीस ना. सव्वादोन तास. मी बाहेर उभा होतो." वही त्यांनी काखेत धरली. "अठ्ठावीस वर्षं मी लोकांना बाहेर काढायला शिकवतोय. त्या दिवशी मला माझ्या घरातलं एक दार उघडता आलं नाही. दारावर टकटक करायचीसुद्धा भीती वाटली. परत तसं नको म्हणून..."

बिट्टीला रागवायचं होतं. चांगली वाक्यंही सुचली होती. पण तोंडून निघालं ते वेगळंच. "मला टेन्शन आहे," ती एवढंच म्हणाली. "फार आहे. मला दिवसभर नसलेले आवाज ऐकू येतात."

टिंग.

बिट्टीनं डोळे मिटले. "हे बघा. आत्तासुद्धा आला."

"तो मलाही आला," आत्या म्हणाली.

चौघंही जमिनीवर पडलेल्या पर्सकडे बघायला लागले. "सहा वाजले नाहीत अजून," आई कुजबुजली. "चार वाजून बारा मिनिटं," बाबा म्हणाले. बिट्टीनं ओल्या हातांनी फोन काढला. दोनदा बोट घसरलं. मग तिनं पहिली ओळ वाचली, परत वाचली, आणि तिचा चेहरा पांढराफटक पडला.

बाबांनी शिट्टी फुंकली.

सात दिवसांचा सराव वाया कसा जाईल? आई झेपावली, "तुझा काही दोष नाही बाळा!" आत्या रिकामा तांब्या घेऊन स्वयंपाकघराकडे धावली. शिट्टी ऐकून टेलर तीन तीन पायऱ्या चढत वर आला. बिट्टी "अहो" म्हणते आहे तोवर ती चादरीत होती. "थांबा, ऐका" म्हणेपर्यंत पहिला जिना उतरून झाला होता, आणि उरलेलं वाक्य तिला टेलरच्या बाकावर आडवं पडून, आभाळाकडे बघत पूर्ण करावं लागलं.

"मिळाला. प्रवेश मिळालाय."

"एक मिनिट पन्नास," बाबा म्हणाले. मग त्यांनी मान वर केली. "काय मिळालं?"

"प्रवेश."

बाबांनी घाईघाईनं वही उघडली. एक पान उलटलं, दुसरं उलटलं, शेवटपर्यंत गेले. प्रवेश मिळाल्यास काय करायचं, हे कुठेच लिहिलेलं नव्हतं. सगळे नुसते उभे राहिले. आत्याला रडू नये असं बजावलेलं होतं, ती रडत होती. टेलरनं अजून चादरीचं टोक सोडलं नव्हतं.

"म्हणजे तू जाणार," आई म्हणाली.

"हो. तीन वर्षं."

"आणि कडी?" आईला दुसरं काही सुचलं नसावं.

"बसवतो," बाबा म्हणाले.

निघायला सहा आठवडे होते. कडी बसली, बाण निघाले, बिट्टीला टिंग ऐकू यायचे बंद झाले. एका रविवारी सकाळी ती खोलीत कपड्यांच्या घड्या घालत होती. आई आणि आत्या बाजारात गेल्या होत्या. घर चिडीचूप. आणि तिच्या तयार कानांना हॉलमधून बारीक आवाज आला. टिक. मग बाबांचा आवाज, अगदी हळू. "नीट जा. पोचलीस की..." मग काही नाही. टिक.

पुन्हा टिक. "नीट जा. पोचलीस..." टिक.

ती पाय न वाजवता दारापर्यंत गेली. हॉलमध्ये तीच खुर्ची होती, दाराकडे पाठ करून. तोच राखाडी स्वेटर, तीच उशी. समोर बाबा ताठ उभे होते, हातात स्टॉपवॉच, चेहरा कामावरचा असतो तसा.

"बाबा?"

बाबा चटकन खाली वाकले. "खुर्ची डुगडुगते आहे. पाय बघतोय."

खुर्ची मुळीच डुगडुगत नव्हती. बिट्टीनं उशी उचलली, स्वेटर मांडीवर घेतला आणि ती खुर्चीत बसली. "घ्या. माझ्यावर करा सराव."

बाबा उठले, सरळ उभे राहिले. स्टॉपवॉच सुरू केलं. तिच्याकडे पाहिलं. काटा फिरत राहिला. अर्ध्या मिनिटानं त्यांनी तो बंद केला आणि चष्मा काढून पुसायला घेतला.

"तू ऊठ बघू," ते म्हणाले. "स्वेटर असला की निदान निम्मं वाक्य तरी होतं."