नेमाची केळी

दिनानाथ पालघरहून गोळ्या घेऊन परतला, तोवर वत्सलाने देवापुढे पाणी सोडले होते.

"तुमच्या पायांची सूज उतरावी म्हणून चातुर्मासभर घरात केळं वर्ज्य," तिने सांगितले. "वाडीतली रोज सहा केळी सवाष्णीच्या ओटीत घालायची. डॉक्टर काय म्हणाले?"

दिनानाथच्या ओठांवर आलेले वाक्य तिथेच थांबले. डॉक्टर कमलाकांतांनी दोन गोष्टी बजावल्या होत्या. मीठ अगदी कमी, हे त्यांनी पुडीवर लिहून दिले होते. रोज दोन केळी आणि एक शहाळे, हे मात्र तोंडीच. तारापूरच्या बागायतदाराला केळी काय लिहून द्यायची!

"मीठ कमी म्हणाले. आणि ही लघवीची गोळी."

"एवढंच?"

"एवढंच."

वीस वर्षांत वत्सलाचा एकही नेम मोडलेला त्याने पाहिला नव्हता. दोन केळ्यांसाठी आपण तो मोडायचा, हे काही त्याच्या मनाला पटेना.

ओटीसाठी सवाष्ण मिळाली ती हिरा कोळीण. तारापूरला वीजकेंद्राचे बांधकाम चालू होते, तिथल्या मजुरांना मासे विकायला ती रोज सकाळी याच वाटेने जाई. चातुर्मासात तिची पाटी वत्सलाच्या अंगणात उतरत नसे. ती बाहेर ठेवून हिरा पदर पसरायची, सहा केळी घ्यायची आणि अवघडून जायची.

"नुसतं घेत ऱ्हायचं बरं नाय दिसत, दिनाभाऊ," एक दिवस मागच्या कुंपणाशी ती हळूच म्हणाली. "हा घ्या बांगडा. मिठातला हाय, भाजून आणलाय."

आठ दिवस अळणी वरणभात गिळलेल्या माणसाने इकडेतिकडे पाहिले. "घरात न्यायचा नाही हं."

"घरात कशाला? हितंच खावा."

मग तो रिवाजच पडला. पुढच्या दारातून केळी जात, मागच्या कुंपणावरून बांगडा येई.

गोळीने सूज उतरली. वत्सलाला वाटले, नेम फळला. पण पंधरा दिवसांत दिनानाथच्या पोटऱ्यांत गोळे येऊ लागले. पानवेली बांधायला तो शिडीवर चढे आणि दुसऱ्या पायरीवरून उतरे. पानमळा त्याने कधी गड्यावर टाकला नव्हता. वेल माझ्याच हाताला ओळखते, म्हणायचा.

"आपलंच काही कमी पडतंय," वत्सला म्हणाली आणि तिने शहाळेही सोडले. घरादाराने. पाय आणखी जड झाले, तेव्हा रताळी सोडली. दिनानाथला रताळी जिवापाड आवडत, म्हणून ती देवालाही आवडतील, असा तिचा हिशेब.

"वत्सला, अगं..."

"बोला ना."

"काही नाही. छातीत जरा धडधडतं."

भाद्रपदातल्या एका सकाळी तो विहिरीपाशी बसला तो उठेचना. वत्सलाची हाक ऐकून हिरा पाटी टाकून धावली. बैलगाडीने बोईसर, पुढे गाडीने पालघर; हिराही सोबत गेली.

डॉक्टरांनी नाडी धरली, गुडघ्यावर हातोडी मारून पाहिली. पाय हलला नाही.

"दिनानाथ, केळी खाताय ना?"

दिनानाथने मान वळवली.

"आणि मीठ?"

"चिमूटभरसुद्धा नाही," वत्सला म्हणाली. "मी स्वतः रांधते."

मागे उभी असलेली हिरा एकदम रडायला लागली. "मी रोज खारा बांगडा देत व्हते, डाक्तर! केळ्यांची परतफेड म्हणून!"

डॉक्टरांनी चष्मा काढला. "ही गोळी पाण्याबरोबर शरीरातला एक क्षार बाहेर काढते, पोटॅशियम. मीठ जास्त खाल्लं की तो मूत्रपिंडातून आणखी वाहून जातो. केळी, शहाळं, रताळं यांनी भरून येतो. तुम्ही तिघांनी मिळून मीठ आत आणलंत आणि औषध बाहेर वाटलंत."

वत्सलाने नवऱ्याकडे पाहिले. "तुम्हाला ठाऊक होतं? मग मला सांगितलं का नाही?"

"तू पाणी सोडून बसली होतीस गं. मी मध्ये कुठे पडू?"

"पाणी सोडण्याआधी मीच विचारायला हवं होतं," ती पुटपुटली. श्रावणात मासे खाल्ल्याबद्दल बोलायचे होते, ते तिने गिळले.

पोटॅशियमच्या कडू औषधाने आठवड्यात दिनानाथ उभा राहिला. तोवर न बांधलेल्या अर्ध्या वेली पावसाने झोपवल्या होत्या.

"मी नेम मोडते," वत्सला म्हणाली. "पाप मला लागू दे."

"मोडता कशाला, वयनी?" हिरा म्हणाली. "ओटीत पडल्यावर केळी कुणाची?"

"तुझी."

"मग माज्या केळ्यांचं काय करायचं ते मी बघीन."

दुसऱ्या दिवसापासून पुढच्या दारातून सहा केळी जाऊ लागली आणि मागच्या कुंपणावरून दोन परत येऊ लागली. दिनानाथ ती तिथेच उभ्याने खाई. वत्सला त्या वेळी मुद्दाम चुलीकडे तोंड करून बसे.

कार्तिकात नेम सुटला. तिने स्वतः केळे सोलून त्याच्या हातात ठेवले. "आता एकच नेम. तुमच्यासाठी काही सोडायचं तर आधी तुम्हाला विचारीन. चालेल?"

दिनानाथने मान हलवली. मग पडून गेलेल्या वेलींच्या रिकाम्या वाफ्यांकडे पाहत म्हणाला, "चालेल. पण तो वर्षापूर्वी धरायला हवा होतास."

"का?"

"गेल्या वर्षी पहिल्यांदा सूज आली तेव्हा मी खारट लोणचं सोडणार होतो. पण तू तेव्हा माझ्यासाठी गोड सोडलं होतंस. म्हटलं, घरात एकानं सोडलं की पुरे."