मास्तरांची परीक्षा

घरी मदतनीस देणाऱ्या खात्याच्या बाई पाहणीला यायच्या होत्या, म्हणून लेकीने वडिलांना सकाळीच बजावलं, "बाबा, आज मर्दुमकी नको. जमत नाही ते सरळ जमत नाही म्हणा." सोमवारी तिची रजा संपत होती. बाबांना आंघोळ घालायला माणूस मिळाला नाही, तर नोकरीवर पाणी सोडावं लागणार होतं.

पण बाबा पडले निवृत्त कवायत मास्तर. खुब्याचं ऑपरेशन होऊनही ताठा शाबूत होता. परीक्षक समोर बसलेला असताना मुद्दाम नापास व्हायचं, हे काही त्यांच्या पचनी पडेना.

बाईंनी विचारलं, कपडे स्वतः घालता का? मास्तर म्हणाले, इस्त्रीसुद्धा करतो. जिना? दोन-दोन पायऱ्या चढतो. मागे उभी असलेली लेक जोरजोरात मान हलवत होती. बिचारी त्यांचे मोजेसुद्धा चढवून द्यायची.

"आणि आंघोळ?"

"एकट्याने करतो. चला, न्हाणीत कसा जातो ते दाखवतो."

काठी खुर्चीलाच टेकलेली राहिली आणि मास्तर छाती काढून निघाले. न्हाणीच्या उंबऱ्यावर पाय लटपटला. लेकीने झेप घेऊन त्यांना काखेत हात घालून धरलं आणि अलगद स्टुलावर बसवलं. मास्तर वाचले, लेक मात्र वाकली ती वाकलीच. कंबरेत उसण भरली होती.

"रोज असंच उचलता?" बाईंनी तिला आधार देत विचारलं.

"रोज," लेक फरशीकडे बघत म्हणाली.

मास्तरांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"मदतनीस देते," बाई म्हणाल्या. "सांभाळणाऱ्यालाही मदत मिळते. नाव तुमचं घालते, ताई."

"बरोबर आहे," मास्तर लगेच म्हणाले. "तिलाच गरज आहे."

सोमवारी धिप्पाड मदतनीस दारात हजर झाला. मास्तर खांद्यावर टॉवेल टाकून तयारच होते.

"पेशंट कुठे आहेत?"

"कंबरेला पट्टा बांधून कामावर गेलीय."

"मग मी काय करू?"

मास्तरांनी घसा साफ केला. "तिची राहिलेली कामं करायची. पहिलं काम, मला आंघोळ घालणं."