व्हिडिओ गेमचा जीर्णोद्धार

मी आळेफाट्याला कुकरची रिंग आणायला गेलो होतो. हे वाक्य सुरुवातीलाच लिहून ठेवतो, कारण पुढे जे झालं त्यात रिंगचा कुठंही पत्ता नाही, आणि निदान माझा हेतू शुद्ध होता एवढं तरी वाचकांच्या लक्षात राहावं.

२००३ सालचा आषाढ. पुण्याच्या कॉलेजातून निवृत्त होऊन मला पाच वर्षं झाली होती आणि बोरी बुद्रुकला येऊन राहायला चार. (मधलं एक वर्ष गावी जावं की न जावं याचा विचार करण्यात गेलं.) रिंगचं दुकान बंद होतं. म्हणून मी हौशीरामच्या हॉटेलात चहाला शिरलो. हॉटेलला रंग द्यायचा होता, त्यामुळे आतलं सामान बाहेर काढून ठेवलं होतं, आणि त्या सामानात ते उभं होतं. कपाटाएवढं उंच, पोटात टीव्ही, टीव्हीखाली लाल गोळ्याचा दांडा आणि चार बटणं. व्हिडिओ गेमचं यंत्र.

इथं एक कबुली देणं भाग आहे. पूर्वी सुटीत गावी येताना मी याच हॉटेलात एसटीची वाट पाहत बसायचो. ट्रकचे ड्रायव्हर, क्लीनर, कॉलेजची पोरं त्या यंत्रापुढे रांग लावायची. पडद्यावर खालून एक विमान वर जायचं, वरून वीसपंचवीस विमानं त्याच्यावर चालून यायची. माझ्या खिशात रुपयाचं नाणं तयार असायचं. पण पदार्थविज्ञानाचा विभागप्रमुख फाट्यावर दांडा हलवत “मेलो, मेलो” म्हणून ओरडतोय, हे कुणा विद्यार्थ्यानं पाहिलं तर? दहा वर्षांत ते नाणं खिशातून बाहेर आलं नाही.

“काय हौशीराम, हे भंगारात चाललं?”

“मग काय करू सर? तीन वर्षं झाली बंद हाय. इडलीचं पीठ ठेवत व्हतो वरती. पायजे का तुम्हाला?”

“मला? छे छे! मी आपलं सहज विचारलं.”

“न्या राव! तुमी तर करंटचे डॉक्टर. तुमच्या एका बोटाचं काम.”

करंटचे डॉक्टर! अर्धवाहकांवर प्रबंध लिहून मला डॉक्टरेट मिळाली हे खरं आहे. चौतीस वर्षं मी वीज शिकवली हेही खरं आहे. पण आमच्या घरात फ्यूज उडाला की माझी बायको शीला माझ्याकडे बघतसुद्धा नाही. ती भागू वायरमनला निरोप धाडते. भागू दहावीच्या पुढे शिकलेला नाही. तो आला की शीला त्याला न मागता चहा देते. मला मागावा लागतो.

हौशीरामचं ते “एका बोटाचं काम” डोक्यात घुमत राहिलं, आणि दुपारी कांद्याच्या पिकअपमधून मी आणि ते यंत्र असे दोघे घरी आलो.

शीला दारात उभी होती.

“रिंग मिळाली?”

“दुकान बंद होतं.”

“आणि हे?”

“हे... उघडं होतं.”

शीला तीस वर्षं शाळेत शिकवत होती, म्हणून गाव तिला बाई म्हणतं. तिनं यंत्राभोवती एक फेरी मारली, त्याच्या टपावरचं वाळलेलं पीठ नखानं खरवडून पाहिलं आणि निकाल सांगितला.

“आपल्याकडे खंडेनवमीला हत्यारांची पूजा असते. विळा, कोयता, शिवणयंत्र, मिक्सर. जे चालतं ते पूजेच्या ओळीत बसतं. तोवर हे चाललं तर बसेल ओळीत. नाहीतर भंगारवाला.”

“चालेलच,” मी म्हणालो.

“कोण चालवणार? भागूला बोलवू?”

“मी!” माझा आवाज एवढा मोठा निघाला की मीच दचकलो. यंत्राचं काय व्हायचं ते होवो. पण माझ्या घरात, माझ्या बायकोसमोर, एक तरी बंद वस्तू मी माझ्या हातानं चालू करून दाखवणार होतो. वय वर्षं पासष्ट. याहून जास्त थांबण्यात अर्थ नव्हता.

यंत्राला वीज दिली की पडदा उजळायचा, पण त्यावर विमानं येत नसत. नुसते हिरवे-जांभळे पट्टे यायचे, दोरीवर पातळं वाळत घातल्यासारखे. मी अभ्यास सुरू केला. आषाढ संपला, श्रावण गेला, गणपती आले आणि गेले. माझी दोनशे पानी वही भरली. पोटातली प्रत्येक वायर सोडवून तिला मी क्रमांकाची चिठ्ठी बांधली. मुख्य भाग म्हणजे ताटाएवढी एक हिरवी फळी, तिच्यावर शंभरेक काळे किडे बसावेत तशा चिपा. या चिपांमध्ये जे असतं त्यावर माझा प्रबंध. पण खऱ्याखुऱ्या चिपा एवढ्या जवळून मी प्रथमच पाहत होतो. (प्रबंधाच्या परीक्षकांना हे कृपया कळवू नये. तसे ते आता हयात नाहीत.)

घटस्थापनेच्या तीन दिवस आधी मी मन घट्ट केलं आणि फळीवरच्या एका संशयास्पद टाक्यावर तापल्या कथलाचा डाग दिला. डाग देताना अंगठा भाजला. फळी पडवीत वर्तमानपत्रावर ठेवली आणि दुसऱ्या दिवशी दाढ काढायला नारायणगावला गेलो. संध्याकाळी सुजलेला गाल घेऊन परतलो, कण्हत झोपलो. तिसऱ्या दिवशी सकाळी दाढेच्या ठणक्यात, फळीकडे नीट न बघताच ती जागेवर बसवली, देवाचं नाव घेतलं (शास्त्रज्ञानं घेऊ नये, पण घेतलं), बटण दाबलं.

पट्टे गेले! ट्यँव ट्यँव आवाज झाला आणि खालून विमान वर आलं!

“शीलाऽऽ!”

शीला पिठाचे हात घेऊन धावत आली. तिला वाटलं मला शॉक बसला. तिनं पडद्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, परत पडद्याकडे पाहिलं.

“तुम्ही केलंत?”

“मीच. तो एक टाका होता. मला पहिल्यापासून शंका होती.”

मग मी खेळलो. दहा वर्षं जपलेली हौस अकरा सेकंदांत संपली. शीलानं पिठाच्या हातानं चौदा विमानं पाडली. पण तो भाग गौण आहे.

खरी गोष्ट अशी की मी शंकेखोर माणूस आहे. दाराला कुलूप लावलं की तीनदा ओढून बघतो. पत्र पेटीत टाकलं की आत पडलं का, हे वाकून बघतो. साऱ्या आयुष्यात एकदाच मला स्वतःबद्दल शंका आली नाही, आणि नेमकी तीच वेळ शंका घ्यायची होती.

मी फाट्यावर जाऊन हौशीरामला त्या टाक्याची गोष्ट सांगितली. हॉटेलातल्या गिऱ्हाइकांना सांगितली. नाशिकच्या गाडीची वाट पाहणाऱ्या एका अनोळखी जोडप्याला सांगितली. गाडी आली तेव्हा ते माझे आभारही न मानता पळत सुटले.

आणि नवरात्राच्या चौथ्या माळेला तो प्रसंग आला. शेंगदाण्याचं कूट करताना मिक्सर घरघरला आणि थांबला. मी सवयीनं चपला शोधायला लागलो, भागूला बोलवायला. तेवढ्यात शीला म्हणाली,

“भागू कशाला? तुम्हीच बघा की.”

सदतीस वर्षांच्या संसारात हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकत होतो. शिवाय तिनं न मागता चहा दिला.

मी मिक्सर उघडला. प्रत्येक स्क्रू वेगळ्या वाटीत ठेवला. घरातल्या वाट्या संपल्यावर फुलपात्री घेतली. सहाव्या माळेपर्यंत मी आतल्या सगळ्या टाक्यांवर डाग देऊन पाहिले. मिक्सर ढिम्म. शीला उपासाचं कूट पाट्यावर वाटत होती, पण तक्रारीचा शब्द नाही. उलट येणाऱ्या-जाणाऱ्या बायकांना कौतुकानं सांगायची, “मिक्सर ह्यांनी घेतलाय ना हातात.” तिचा तो विश्वास मला तक्रारीपेक्षा जड वाटू लागला. हिनं पहिल्यांदा काही सोपवलं आणि ते मला जमत नाहीये, या विचारानं मी रात्री उठून वाट्यांतले स्क्रू मोजू लागलो.

सातव्या माळेला शीला देवळात गेली होती. मी पडवीत वाट्यांच्या मधोमध डोकं धरून बसलो होतो. शेजारची लंकाबाई आमच्याकडे धुण्याला येते. ती बादली घेऊन आली आणि माझ्याकडे बघत उभी राहिली.

“व्हईना का वो सर?”

“होईल. थोडा अभ्यास राहिलाय.”

“आन् धुतला का?”

“काय धुतला?”

“मिश्कर. त्या गेमची हिरवी फळी धुतली व्हती तसा.”

माझ्या हातातला स्क्रू पडला.

“कुणी धुतली?”

“म्या. अवो, तुमी दाढ काढाया गेलता त्या दिशी. बाईंनी नवरात्राच्या गोधड्या धुवाया काढल्या व्हत्या. तुमची फळी तिथंच पडल्याली. तिच्यावर भज्याचं त्याल, चहाचं वघळ, झुरळाची घाण. मला मेलीला बघवंना. टाकली घमेल्यात, गोधड्यांसंगं नेली नदीला, कुकडीवर. रिठ्याच्या पाण्यात बुडवली, बरशानं घासली, दिसभर खडकावर वाळवली, सांजला व्हती तिथं परत ठिवली. लई घाण निघाली सर! पाणी काळं झालं.”

“आणि माझा टाका?”

“कंचा टाका? त्यो बारका मणी का? त्यो तर निघून गेला घासताना.”

चौतीस वर्षांचं अध्यापन, एक प्रबंध, दोनशे पानी वही, भाजलेला अंगठा. आणि यंत्राला फक्त आंघोळ हवी होती.

“मला आधी का सांगितलं नाहीस?”

“भ्या वाटलं. बिघडली असंल तर बाई मला रागं भरतील म्हणून गप ऱ्हायले. मग चालू झालं, तर तुमी एवढं खूश. म्हटलं, जाऊ द्या, म्हाताऱ्या माणसाचं कशाला मोडायचं!”

“शीलाला सांगू नकोस,” मी म्हणालो.

“न्हाई सांगत. तुमीबी माझं नगा सांगू.”

आमचा करार झाला. आता शास्त्र सांगतं की फळी निराळी आणि मोटर निराळी. मोटरमध्ये पाणी शिरणं वाईट. हे मला ठाऊक होतं. मी ते शिकवलेलं आहे. पण गेल्या पंधरा मिनिटांत माझा शास्त्रावरचा, निदान माझ्या शास्त्रावरचा, विश्वास उडाला होता आणि लंकाबाईवरचा बसला होता. परसातल्या धुण्याच्या दगडावर आम्ही समोरासमोर उकिडवे बसलो. ती रिठ्याचं पाणी ओतत होती आणि मी ब्रशनं मिक्सर घासत होतो.

“आत घाला सर बरश, आत! वरवर काय गोंजारताय?”

मागे सावली पडली. शीला प्रसादाची वाटी घेऊन उभी होती.

“काय चाललंय?”

मी म्हणालो, “दुरुस्ती.”

त्याच क्षणी लंकाबाई म्हणाली, “धुनं.”

पुढचं सगळं लंकाबाईनं सांगितलं. करार मोडायला तिला अर्धं मिनिट लागलं. शीलानं ते ऐकून घेतलं आणि माझ्या ओल्या हातावर प्रसाद ठेवला. मला ओरडा परवडला असता.

आठव्या माळेला, दिवसभर उन्हात ठेवलेला मिक्सर मी जोडला आणि बटण दाबलं. फट् असा आवाज झाला, निळा धूर निघाला आणि पंखा बंद पडला. घराचाही फ्यूज गेला. भागू आला. त्यानं मिक्सर उघडून हुंगला.

“सर, ह्यातला कार्बन झिजला व्हता. पाच मिनटाचं काम. पण आता मोटर जळाली की. पानी कसं काय गेलं आत?”

शीलानं त्याला चहा दिला. मी माझा मागितला नाही.

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. पडवीत ओळ मांडली होती: विळा, कोयता, शिवणयंत्र आणि शेवटी झेंडूचा हार घातलेलं व्हिडिओ गेमचं यंत्र. चालू अवस्थेत, पडद्यावर विमानं उडत होती. त्याच्या पायाशी लंकाबाईचा धुण्याचा ब्रश, त्यालाही हळदकुंकू. मी भीत भीत विचारलं,

“म्हणजे हे राहणार ना?”

“राहणार. चालतंय ना? मग कुणी चालवलं याची चौकशी मी करत नाही.”

माझा जीव भांड्यात पडला. शीलानं एकेका वस्तूला कुंकू लावलं, फूल वाहिलं, आणि ओळ संपल्यावर तबक घेऊन माझ्याकडे वळली. मला भरून आलं. काही झालं तरी तीन महिने राबलो होतो मी. अंगठा भाजून घेतला, दाढ गेली (तिचा संबंध नाही, पण गेली), आणि त्या कष्टांची नोंद या बाईनं मनात ठेवली होती तर! मी टोपी काढली, डोळे मिटले आणि कुंकवासाठी कपाळ पुढे केलं.

“जरा सरका,” शीला म्हणाली. “तुमच्या मागे पाटा-वरवंटा आहे.”