चुलीपुढचे दादासो

सारजाबाईंचा संधिवात शांत होऊन दोन उन्हाळे झाले होते. "आजार झोपलाय. गोळ्या सोडू नका आणि हातांना काम द्या," असं बारामतीच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं. बाई आता पाणी शेंदत होत्या, खुरपत होत्या. फक्त उजव्या हाताची दोन बोटं वाकडी राहिली होती, त्यामुळे भाकरी थापली की कुठल्या तरी तालुक्याचा नकाशा व्हायचा. म्हणून आजारपणात चुलीपुढे बसलेले त्यांचे यजमान दादासो अजून उठले नव्हते. बसायचे मात्र दार लावून. जळोची गावात बोभाटा झाला असता तर तोंड दाखवायला जागा राहिली नसती.

पंच्याण्णव साली लेकीला, छकुलीला, बघायला लासुर्ण्याचे पाहुणे आले: मुलगा सुयोग, वडील संभाजीराव आणि आई फुलाबाई. मुलीच्या आईच्या हातांची चौकशी फुलाबाईंनी आधीच केली होती म्हणे. सारजाबाईंनी धसका घेतला.

"आज भाकरी मीच करनार," त्यांनी बजावलं.

पहिली भाकरी परातीतच फाटली. दुसरी तव्यावर जाता जाता.

"सर तिकडं," दादासो मागच्या दारानं येऊन पुटपुटले. "पाव्हणं उपाशी जात्याल."

सारजाबाई पदर सारखा करून सोप्यात वाढायला आल्या. आत थापण्याचा आवाज चालूच.

"तुमी हितं, मग भाकरी कोन थापतंय?" फुलाबाईंनी विचारलं.

"छकुली."

छकुली समोरच मान खाली घालून बसली होती.

"न्हाय, म्हंजी शेजारच्या दगडाबाई."

तेवढ्यात ताकाचा तांब्या घेऊन दगडाबाईच पुढच्या दारातून आत आल्या.

फुलाबाई तडक उठून स्वयंपाकघरात गेल्या. मागोमाग धावल्या सारजाबाई. आत दादासो कोपरापर्यंत पिठात, मिशा पांढऱ्याफटक, आणि तव्यावर टम्म फुगलेली भाकरी.

जमत आलेलं लग्न मोडलं, असंच सारजाबाईंना वाटलं. "खोटं कशाला बोलू? आजार गेला, पर ही बोटं वाकडीच ऱ्हायली. भाकरी हेच करत्यात."

फुलाबाईंनी दार लोटलं आणि आपले हात पुढे केले. बोटांची पेरं सुजलेली होती.

"सकाळी मूठ वळत न्हाय. घरात कुनाला बोलले न्हाय. तुमचा डाक्टर कोन, एवढंच इचारायचं हुतं. पर पोरगी बघायला येऊन इचारू कसं?"

दादासो भाकरी काढायची विसरले. ती करपली.

"उद्याच चला माझ्यासंगं बारामतीला," सारजाबाई फुलाबाईंचे हात हातात घेत म्हणाल्या.

"येते, इनबाई," म्हणत फुलाबाईंनी दार उघडून हाक मारली, "अवो, आत या! हात धुवून या."

"जेवाय?" संभाजीराव लगबगीनं आले.

"शिकाय. बसा व्याह्यांच्या शेजारी."

संभाजीरावांनी थापलेली भाकरी त्यांच्या मनगटाला चिकटली. ते पाहून दारातला सुयोग खो-खो हसला.

"हसतूस काय?" फुलाबाई कडाडल्या. "तूबी बस!"

सुयोगनं बिचकून मागोमाग आत आलेल्या छकुलीकडं पाहिलं. तिनं लाजून मान खाली घातली आणि पिठाचा डबा हळूच त्याच्याकडं सरकवला.