दोन धन्यांचे जोडे

सहदेवला नोकरी द्यायला सगळे तयार होते, आणि तीच त्याची पंचाईत होती.

तिकडे अमेरिकेत लढाई जुंपलेली, तिथला कापूस विलायतेला जाईना, त्यामुळं वऱ्हाडातल्या कापसाला सोन्याचा भाव आला होता. लिहिता-वाचता येणारा माणूस दिसला की लोक त्याला हाताला धरून ओढत. अकोल्याच्या कचेरीत म्हणाले, आजच बसा. अमरावतीला एका शाळेनं मास्तरकी पुढं केली. एका अडत्यानं तर त्याला कापसाच्या काट्याजवळ नेऊन उभंच केलं. पण सहदेवला बी. ए. व्हायचं होतं. मुंबईच्या कॉलेजात निम्मं शिक्षण झालं होतं, पुढच्याला खर्च नव्हता, आणि पातूरला वांगी-झेंडू पिकवणाऱ्या त्याच्या बापाकडे, नत्थुजीकडे, आशीर्वादाखेरीज द्यायला काही नव्हतं. "शिकायचं आहे, मदत करा," म्हटलं की समोरचा दचकायचा आणि "इतकं शिकून अजून शिकायचंच आहे?" असं विचारून पुन्हा नोकरीच पुढं सरकवायचा. कॉलेज उघडताना हजर झालं नाही तर नाव कमी होणार होतं. सुट्टी तर संपत आली होती.

चांदूर बाजारला त्याची आत्या मैनाबाई भाजी विकायची. तोड तिनं काढली.

"खुशालराव पाटलाकडे जाय. त्यानं गाडीच्या चाकाईले लोखंडाच्या जागी चांदीच्या धावा बसवल्या. चाकाले देते, मंग तुले नाही देनार काय? अन् अखाजीलेच जाजो. त्या दिसचं देलेलं ना सरते, ना वापस जाते."

अखाजीच्या, म्हणजे अक्षय तृतीयेच्या, सकाळी पाटलाच्या ओसरीवर बरीच माणसं उकिडवी बसली होती. सहदेवही त्यांच्या शेवटी जाऊन बसला. खुशालराव मोठ्या मनाचा माणूस. त्यानं सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"बीए म्हंजे काय रे?"

"मोठी परीक्षा हाय, पाटील."

"आपल्या इकडे कोनी झाला काय?"

"मले तं कोनी मालूम नाही."

"मंग तू होय! सालभराचा खर्च माह्याकडे."

एवढ्यावर तो थांबला असता तर पुढचं काही झालंच नसतं. पण नुसतं तोंडानं दिलेलं खुशालरावला दिल्यासारखं वाटेना, आणि देण्याची त्याला एकच रीत माहीत होती. त्यानं आत हाक मारली. त्याच्या पत्नी पार्वताबाईंनी येऊन सहदेवच्या कपाळाला कुंकू लावलं, हातात नवं धोतर दिलं, आणि पाटलानं स्वतः एक करकरीत जोडा त्याच्यापुढं ठेवला. सहदेवला भरून आलं. त्यानं जोडा तिथंच पायात घातला.

अखाजीला जोडा घालणं म्हणजे काय, हे चांदूरात शेंबड्या पोरालाही कळत होतं. त्या दिवशी शेतावरचे सालदार ठरतात. धन्याचा जोडा पायात गेला की गडी वर्षभराचा बांधला. मग ना त्यानं सोडून जायचं, ना धन्यानं काढून टाकायचं. सहदेवला मात्र यातलं काही ठाऊक नव्हतं. वांग्याच्या मळ्यात घरचेच हात राबत, तिथं सालदार कुठला! आणि तो स्वतः लहानपणापासून शाळेपायी अकोल्याच्या जुन्या शहरात राहिलेला.

समोरच्या वाड्यातला मोठा शेतकरी भगवंतराव आपल्या ओसरीवरून हे सगळं पाहत होता. खुशालरावशी त्याचं जुनं हाडवैर. त्यात माणसांचा तुटवडा, निम्मे गडी आगगाडीच्या कामावर गेलेले. आणि इथं खुशालरावनं घासाघीस न करता एका काडी पैलवानाला जोडा घातला! भगवंतरावनं विचार केला, या पोट्ट्यात काहीतरी असलं पाहिजे. त्यानं सहदेवला गल्लीतच गाठलं.

"खुशाल काय देते तुले?"

"सालभराचं सगळं."

"मी बी सगळं देतो. वरून घोंगडी अन् फेटा. माह्याकडे ये."

सहदेव चकित झाला. वऱ्हाडात विद्येची एवढी कदर आहे हे त्याला ठाऊकच नव्हतं. मुंबईत गरीब विद्यार्थी दोन-तीन शेटजींची मदत घेत, त्यात कोणाला वावगं वाटत नसे.

"दोघाईचं घेतलं तं चालन काय?" त्यानं भाबडेपणानं विचारलं.

"घे ना बाप्पा!" भगवंतराव हसला, आणि दुसरा जोडा त्याच्या हातात कोंबला.

एक जोडा पायात, दुसरा काखेत, डोक्यावर नवा फेटा, अशा थाटात सहदेव बाजारातून निघाला, तसा बाजार गप्प होत गेला. मैनाबाईनं त्याला पाहिलं आणि तिच्या हातातली भेंडी खाली पडली.

"बह्याडा, हे काय करून राहिला तू? दोन धन्याचे जोडे घेतले? आता माह्या पाटीतली भाजी कोन घेईन?"

ऊन उतरल्यावर मारुतीच्या पारावर पंच बसले. सहदेव काकुळतीला येऊन म्हणाला, "मी विद्यार्थी हाय. मले वखर धरता येत नाही." काम टाळायला गडी काय वाटेल ते सांगतात, म्हणून ते कोणी मनावर घेतलं नाही. खुशालरावला खरं माहीत होतं. पण तो विद्यार्थी आहे असं कबूल केलं तर आपला जोडा गड्याचा ठरणार नाही, गडी भगवंतरावच्या पदरात जाणार, आणि त्यापेक्षा त्यानं मरण पत्करलं असतं.

"पयले माहा जोडा. गडी माहा," तो म्हणाला.

"जास्त मी देलं. गडी माहा," भगवंतराव म्हणाला.

पंचांतल्या म्हाताऱ्या पुंजारामनं निवाडा केला. "दोन जोडे घेतले, दोन वावरं वखर. सकायी खुशालचं, दुपारून भगवंताचं. साल मोडलं, तं मैनाबाईच्या दारात कोनी पाय ठेवनार नाही."

मुंबईकडे जाणाऱ्या कापसाच्या गाड्या निघायच्या बेतात होत्या. त्या पुढं जाणार आणि आपण इथं ढेकळं फोडणार! पळून जावं, तर आत्याच्या पोटावर पाय येत होता. म्हणून दुसऱ्या दिवशी सहदेवनं डोळे पुसले आणि खुशालरावच्या वावरात जाऊन मन लावून वखर धरला.

मन लावण्यात त्याची काही कसूर नव्हती. पण वखराची लोखंडी पास जमिनीत शिरेना, ती वरच्यावर नाचू लागली. बैलांनी थोडा वेळ मागं वळून पाहिलं, आपला धनी हा नव्हे हे त्यांना उमगलं, आणि ते वखरासकट घरी निघाले. मागं दोर धरून सहदेव, "थांबा, थांबा" अशी विनवणी करत. पाटलाच्या अंगणात पार्वताबाईंनी कुरडया वाळत घातल्या होत्या. बैल त्यांच्यावरून गेले, वखर गेला, शेवटी सहदेवही गेला.

दुपारी भगवंतरावचे बैल थेट नदीच्या डोहात जाऊन बसले. ते उठेनात, आणि वखर बाहेर आला तो दोन तुकड्यांत.

संध्याकाळी पुन्हा पार भरला.

"गडी तुहा," खुशालराव म्हणाला. "जास्त तूच देलं."

"वा रे वा! पयला जोडा तुहा!"

"जोडे वापस घ्या अन् सोडा त्याले," कोणीतरी सुचवलं. जोड्याबरोबर सहदेवचा वर्षाचा खर्चही जाणार होता. पण पार्वताबाई पुढं आल्या. कुरडयांचं दुःख त्यांच्या तोंडावर ताजं होतं, तरी त्या ठामपणे म्हणाल्या, "अखाजीले देलेलं वापस घेत नसतात."

पुंजारामनं दाढी खाजवली. "गडी तं ठेवाच लागन. पन त्यानं काम कोठी कराव, ते धन्याईनं ठरवाव."

"मुंबईले!" खुशालराव घाईघाईनं म्हणाला. "तेथीच शिकाव त्यानं."

"मुंबईच्या पुढं काही नाही काय?" भगवंतरावनं विचारलं.

"समुद्र हाय."

"मंग मुंबईच बरी. आर्धा खर्च माहा, पन माह्या वावरात हा दिसला नाही पायजे."

सहदेव कापसाच्या गाड्यांबरोबर गेला.

वर्ष फिरलं. अमेरिकेतली लढाई थांबली आणि कापसाचा भाव कोसळला. खुशालरावच्या चाकांच्या चांदीच्या धावा गेल्या, गडी गेले, आणि कैक वर्षांत ज्यानं वखराला हात लावला नव्हता तो पाटील स्वतः वावरात उतरला. अखाजीला त्याच्या ओसरीवर एकटा सहदेव येऊन बसला. बी. ए.ला अजून वर्ष होतं, पण काही मागायचं नाही असं त्यानं ठरवलं होतं. त्यानं दोन्ही तळहात पुढं केले. ते फोडांनी भरले होते.

"पातूरले शेजाऱ्याच्या वावरात वखर शिकून आलो, पाटील. औंदा तुमच्या घरी राबतो."

खुशालरावनं ते हात पाहिले. मग त्यानं आपल्या पायातला झिजलेला जोडा काढून त्याच्यापुढं सरकवला.

"नवा नाही औंदा. हाच घाल, अन् मुंबईले जाय. घरात आर्धा ढोला भरून कापूस ठेवला हाय, तो इकून पाठवीन."

"पन आता वखर येते मले!"

"तुले येत असन रे. बैलाईले कोन समजावनार?"

"माहे बी भेतेत अजून!" समोरच्या ओसरीवरून भगवंतराव ओरडला. "आर्धं माह्याकडून बी घेऊन जाजो!"

पार्वताबाईंनी कुंकू लावलं. सहदेवनं जोडा पायात घातला. तो त्याला बराच मोठा होत होता. दुसऱ्या दिवशी तो गाडीत बसून गावाबाहेर पडला, तेव्हा कडेच्या वावरात पाटील अनवाणी वखर हाकत होता.