फणसाचा आवाज

दयारामच्या इलेक्ट्रिक गिटारचं लाकडी अंग एसटीच्या टपावर दुभंगलं, तेव्हा मुंबईच्या हॉटेलातल्या बॅन्डची वादनपरीक्षा चार दिवसांवर आली होती. साल पासष्ट. बॅन्डमध्ये जागा एकच. ती हुकली तर मुरुडात राहून मासळीच्या पाट्या वाहायच्या. दांडी, तारा आणि तारांखालचं विजेचं यंत्र शाबूत होतं. ते घेऊन तो होड्या बांधणाऱ्या काळूराममामाकडे गेला.

"मामा, महोगनी हाय का?"

"ती कोन?"

"विलायती लाकूड. आवाज गोड येतो."

"आन् आपली लाकडं काय मुकी हायत?" मामाने तीन फळ्या मांडल्या, बोटांच्या पेरांनी ठोकून प्रत्येकीला कान लावला. "आंबा नुस्ता पुटपुटतोय. सागवान लई करारी, आन् खांदा मोडंल तुझा. फनस बघ, पोटातनं बोलतोय!"

"पण मामा, विजेला फणस काय नि आंबा काय?"

"तार कशावर तानलीस? हवेवर?"

दयारामने फणसाची फळी उचलली. या प्रश्नावर भलेभले कानवाले अजून भांडतात.

तिसऱ्या दिवशी पिवळीधमक गिटार तयार झाली. मामाच्या मांडवात वीज नव्हती. खरा आवाज मुंबईतच कळणार होता. दयाराम ती उचलणार, तोच मामा गरजला, "थांब! नारळ फोडल्याबिगर माझ्या हातचं काय पान्यात जात न्हाय."

"अवो, ही पाण्यात जायची न्हाय!"

तोवर नारळ फुटला होता. पाणी तारांवरून थेट यंत्रात. आवडामामीने पदराने पुसलं आणि म्हणाली, "झालं बाबा शुभ."

हॉटेलात पहिल्या सुरालाच गिटार खाकरली आणि पडसं झालेल्या वाघासारखी घोगरं गुरगुरू लागली. दयारामच्या डोळ्यांपुढे मासळीच्या पाट्या नाचल्या. बॅन्डमास्तर ताडकन उठले.

"लाकूड कुठलं हे?"

"फ... फणस."

"वाटलंच! नुसत्या विजेला असा गळा येत नाही."

जागा मिळाली. दोघा वादकांनी तर मामाकडे फणसाची मागणीच धाडली. नारळाबद्दल दयाराम एक अक्षर बोलला नाही.

नोकरीच्या पाचव्या दिवशी, भर कार्यक्रमात, यंत्रातलं नारळाचं पाणी सुकलं. गुरगुर गेली, आवाज चारचौघींसारखा स्वच्छ झाला. दयाराम मास्तरांची नजर चुकवत वाजवत राहिला. कार्यक्रम संपताच मास्तर जवळ आले, गिटारच्या पाठीवरून हात फिरवून डोळे मिटून उभे राहिले.

"खरं सांगू, दयाराम? तुझा फणस आता कुठे मुरला."

"होय मास्तर," दयाराम म्हणाला. आणि नवल म्हणजे, म्हणता म्हणता त्यालाही ते पटलं.