लांब सीट, एक नग

माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार कुणाचे असतील तर ते नारायणअण्णांचे, आणि याच माणसाने मला पहिल्या दिवशी उशीसाठी लेखी अर्ज करायला लावला होता.

मी निपाणीहून इंजिनिअरिंगला बंगळूरला आलो तेव्हाची गोष्ट. अण्णा म्हणजे आईच्या मावसबहिणीचे दीर. हे नातं सांगताना आईला मध्ये एकदा श्वास घ्यावा लागायचा. आई विड्या वळायची, बाबा तंबाखूच्या वखारीत कामाला होते आणि आमच्या घरात दहावीच्या पुढे कुणी गेलेलं नव्हतं. अण्णांनी फार चौकशी केली नाही. राजाजीनगरातल्या आपल्या घराची माडीवरची खोली उघडून दिली आणि काही लागलं तर सांग म्हणाले. मी उशी मागितली.

"तोंडी चालत नाही," अण्णा म्हणाले. "लिहून दे."

अण्णांनी जन्मभर टेलिफोन बनवणाऱ्या एका कारखान्यात स्टोअरकीपरचं काम केलं. तिथला कायदा त्यांनी घरीही लागू केला होता. वस्तू हवी तर कागदावर मागणी, आणि नवी हवी तर आधी जुनी जमा. साबण हवा असेल तर जुन्या साबणाची चकती आणायची. ब्लेड हवं तर गंजलेलं ब्लेड. बल्ब गेला तर गेलेला बल्ब, आणि तोही अण्णा कानाशी हलवून, तार खरंच तुटल्याचा आवाज ऐकून मगच जमा करून घेणार.

माझा उशीचा अर्ज वाचून त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं आणि जुनी कुठे आहे म्हणून विचारलं. मी सांगितलं की आमच्याकडे उशी नव्हतीच कधी, बाबांचा सदरा गुंडाळून डोक्याखाली घ्यायचो. अण्णा आत गेले, उशी घेऊन आले आणि अर्जावर सही ठोकली. ती त्यांच्याच पलंगावरची होती, हे मला दुसऱ्या दिवशी त्यांच्या पत्नीने, शांताअक्कांनी, हसत सांगितलं. अक्कांनी स्वतः आयुष्यात एकही अर्ज केला नाही. कोठीची किल्ली त्यांच्याच कमरेला असायची.

अण्णांचं दुसरं वेड म्हणजे त्यांची मोटरसायकल. म्हैसूरला बनलेली, दोन सायलेन्सरची, जिची किकच वळवली की गिअर होते अशी. तिची लांब काळी सीट कधी रिकामी गेलेली मी पाहिली नाही. एकट्याने गाडी चालवणं अण्णांना असभ्य वाटायचं. अक्का नसल्या तर मी, मी नसलो तर बसस्टॉपवरचा कुणीही. "बसा हो, रिकामीच चाललीय." डबलसीट बसलं की मागे न बघता म्हणायचे, "स्वल्प पुढं सरक," आणि मगच गाडी हलायची.

माझ्या प्रत्येक सेमिस्टरच्या पहिल्या पेपरला मी त्या सीटवरून गेलो. नोकरीच्या मुलाखतीलाही. शहराच्या पार दुसऱ्या टोकाला ती कंपनी होती. मी आत असेपर्यंत अण्णा बाहेर उन्हात उभे राहिले. गेटवरच्या रखवालदाराने गाडी हटवा म्हटलं, तर त्याला म्हणाले, "लिहून द्या." तो कागद शोधायला गेला तो आलाच नाही.

पुढे मी नोकरीच्या जवळ, के. आर. पुरमला राहायला गेलो. अक्का आजारी पडल्या आणि गेल्या. अण्णांचा मुलगा विनय बंगळूरमध्येच, महादेवपुऱ्यात, मोठ्या पगारावर लागला आणि तिथेच फ्लॅट घेऊन राहिला. हा विनय कॉलेजच्या दिवसांत मित्रांना माझी ओळख "पप्पांचा पेइंग गेस्ट, मायनस पेइंग" अशी करून द्यायचा. अमेरिकेत गेलेली मुलं वर्षातून एकदा तरी आईबापांना भेटायला येतात. महादेवपुऱ्यातून तेवढंही जमत नाही. ट्रॅफिक असतो.

मागे बसायला घरचं कुणी उरलं नाही तेव्हा अण्णांनी गाडी भंगारात द्यायचं ठरवलं. फोनवर तसं विनयला म्हणाले, तर तो म्हणाला, "पप्पा, प्लीज स्क्रॅप नका करू. आपण तिचा कॅफे रेसर करू या ना. संडेज."

त्यानंतर अण्णा मला भेटतील तेव्हा तेच सांगायचे. "आपण म्हणाला, बघ. 'मी करतो' असं नाही म्हणाला. आपण."

मराठीत 'आपण' म्हणजे तू आणि मी दोघे. आणि फारच आदराने बोलायचं झालं तर 'आपण' म्हणजे नुसते तुम्ही. विनयचा 'आपण' यातला कुठला, ते पुढच्या रविवारांनी दाखवून दिलं.

कॅफे रेसर म्हणजे काय, ते अण्णांनी मला विचारलं. मी वाचून आलो आणि सांगितलं, की परदेशातली पोरं एका चहाच्या दुकानापासून दुसऱ्यापर्यंत शर्यत लावायची, तशी हलकी गाडी. हँडल खाली, बाकीचं सगळं कमी, आणि सीट एकाच माणसापुरती.

"म्हणजे आपलं दर्शिनी हॉटेल," अण्णा म्हणाले. "उभ्याने कॉफी प्यायची आणि पळायचं. तिथं खुर्ची नाही, इथं सीट नाही. सरी, चालेल."

कितीतरी रविवार त्यांनी वाट बघितली. जुना शर्ट घालून, बाहेर वर्तमानपत्र पसरून, पाने-पकडी मांडून बसायचे. दुपारी पाने उचलून ठेवायचे. शेवटी त्यांनी गल्लीच्या तोंडाशी गॅरेज असलेल्या मुनीरभाईंना हाताशी धरलं. जे जे निघालं ते अण्णांनी पुसून, तेल लावून कोठीत नेऊन ठेवलं. लांब सीट अक्कांच्या जुन्या चादरीत गुंडाळली. मुनीरभाईंचं म्हणणं, सांगाड्याची शेपटी, म्हणजे लांब सीटचा मागचा भाग जिच्यावर टेकायचा ती, कापल्याशिवाय गाडीला रूप येणार नाही. अण्णांनी कापू दिली नाही. कापलेला माल परत जमा होत नाही, म्हणाले. मुनीरभाई माझ्याकडे वळून म्हणाले, ही कॅफे रेसर नाही, हे स्टूल आहे.

पहिल्यांदा ती चालवायला अण्णा निघाले तेव्हा सगळी गल्ली बाहेर आली होती. पोट टाकीवर, हनुवटी मीटरवर, पार्श्वभाग वर. सूर्यनमस्कार घालता घालता कुणी मध्येच विसरावं तसे दिसत होते. दूधवाल्याने विचारलं, अण्णा, काही पडलंय का रस्त्यावर?

मग एका रविवारी विनय आला. अण्णांनी मलाही बोलावलं होतं. गाडी आरशासारखी चमकत होती आणि कंपाऊंडच्या भिंतीवर दोन हेल्मेटं ठेवलेली होती. विनयने गाडीभोवती एक फेरी मारली.

"पप्पा, धिस इज सिक. टोटली सिक."

"आजारी कुठं?" अण्णा म्हणाले. "कालच ट्यूनिंग केलंय."

विनय खूप हसला. एक हेल्मेट घालून बसला आणि त्याने गाडी सुरू केली. अण्णांनी दुसरं हेल्मेट उचललं, डोक्यावर चढवलं, पँट गुडघ्यापाशी जरा वर ओढली आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवून एक पाय उचलला.

"पप्पा, सिंगल सीटर आहे ती," विनय म्हणाला.

अण्णांनी पाय खाली ठेवला. "होय की," म्हणाले.

विनयने दोन चकरा मारल्या, फोटो काढले, माझ्याकडूनही काढून घेतले आणि जेवायला कुठेतरी टेबल सांगून ठेवलंय म्हणून कॅब बोलावून गेला. पार्किंगचं बघतो आणि गाडी घेऊन जातो, असं म्हणाला. अजून बघतोय. त्याने टाकलेला फोटो मी फोनवर पाहिला. खाली 'माय बिल्ड' असं लिहिलं होतं. तिथे मात्र 'आपण' नव्हतं.

तो गेल्यावर अण्णा हेल्मेट हातात घेऊन पायरीवर बसले. काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं की मुनीरभाई एवढं सांगत होते, तर शेपटी कापू का दिली नाही.

"उद्या कुणाला बसायचं झालं तर?" अण्णा म्हणाले. मग हेल्मेट पायरीवर ठेवून म्हणाले, "त्याचं काय चुकलं रे? सीट एकच आहे की."

तिथल्या तिथे काही सांगण्यात अर्थ नव्हता. तोंडी चालत नाही, हे मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे. घरी आल्यावर मी रेघांच्या कागदावर लिहिलं आणि पोस्टात टाकलं. ते असं:

प्रति,
माननीय स्टोअरकीपर साहेब, राजाजीनगर.

विषय: लांब सीट, एक नग, मिळणेबाबत.

अण्णा,

कोठीत अक्कांच्या चादरीत गुंडाळून ठेवलेली काळी सीट गाडीवर परत चढवावी, ही विनंती. बोल्टचंच काम आहे. विनयला फोटोसाठी छोटी सीट पुन्हा लागली तर तेव्हा बदलता येईल. यायच्या आधी तो कळवेलच.

येत्या रविवारी मी मॅजेस्टिकला मेट्रो बदलून राजाजीनगरला उतरतो आणि स्टेशनबाहेर उभा राहतो. तिथून तुमचं घर चालत जाण्यासारखं आहे, पण मी चालणार नाही. न्यायला या. हेल्मेटं दोन्ही आणा.

जुनं जमा करायला उशीच्या वेळी माझ्याकडे काही नव्हतं. आताही नाही. तरी मंजूर व्हावं.

मागणीचं कारण तुम्ही नेहमी एका ओळीत मागायचात.

कारण: मला बसायचं आहे.

आपला,
संतोष